ग्रिल बसवायचंय? मग आधी सभेला बसा

बाल्कनीत कबुतरं येतात, नातू रेलिंगवर चढतो, म्हणून तुम्हाला ग्रिल हवंय. अर्जात हे मुळीच लिहू नका. खरं कारण वाचलं की कमिटीला वाटतं, हा माणूस काहीतरी लपवतोय.

पहिल्यांदा तुमची इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, ते बघा. पुण्यात आयुष्य काढूनही हे ठाऊक नसलेले लोक आहेत. ग्रिलं नेमकी त्यांचीच लागलेली असतात. सोसायटी असेल तर उपविधी, म्हणजे तिचे नियम. अपार्टमेंट असेल तर १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा, आणि त्यात इमारतीला मोठ्या बांधकामाची जोड द्यायची तर बाकीच्या सगळ्या मालकांची एकमुखी संमती लागते. सगळ्या म्हणजे न्यू जर्सीला स्थायिक झालेले ३०२ वाले आले आणि भावाभावांच्या दाव्यात अडकलेला १०४ सुद्धा आला. ग्रिल म्हणजे काही बांधकाम नव्हे, असं तुम्ही म्हणाल. जरूर म्हणा. सेक्रेटरी चष्मा पुसत एवढंच म्हणतील, “एलिव्हेशन बिघडतं हो.”

एलिव्हेशन म्हणजे इमारतीच्या दर्शनी भागातून एसीच्या पेट्या, गंजलेल्या डिश, पाइपगळतीचे ओघळ आणि पाचव्या मजल्यावरची गोधडी वगळून जे उरतं ते. चेअरमनसाहेबांनी काचा लावून बंद केलेली बाल्कनी यात धरायची नसते. ती ‘पूर्वीपासून’ आहे.

सोसायटीवाल्यांनो, तुमचा विषय वार्षिक सभेत जाईल. ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणजे ती २९ ला असेल. गणसंख्या, म्हणजे लागणारी किमान हजेरी, दोन तृतीयांश सभासद किंवा २०, यातली जी कमी ती. तेवढेही येत नाहीत, मग सभा अर्धा तास तहकूब होते आणि तीच नऊ माणसं कायदेशीर होऊन परत बसतात. लिफ्ट, टँकर, भटकी कुत्री आणि कुणीतरी जिन्यात ठेवलेल्या चपला झाल्यावर तुमचं ग्रिल येतं, ‘ऐनवेळच्या विषयां’त. तोवर वडे संपलेले असतात. (वडे तुम्हीच आणा. हा खर्च ग्रिलच्या अंदाजपत्रकात धरावा.)

खरं काम सभेआधीच करायचं. चेअरमनच्या सुनेची स्कूटर तुमच्या पार्किंगच्या कडेला लागू द्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंना कुंड्यांचं पाणी त्यांच्या वाळवणावर पडणार नाही, असा शब्द द्या. लेखी मागतील, तोही द्या.

एवढं केल्यावर मंजुरी मिळते, एका अटीवर: रंग बिल्डरने मूळ दिला होता तोच हवा. तो कोणता, यासाठी तीन जणांची उपसमिती नेमली जाते. त्यातले दोघे भाडेकरू निघतात.