अनुभव कपाटात आहे!

सूर्यमित्र म्हणे! 2015 पासूनची सरकारी योजना, सोलर पॅनल बसवायचं 600 तासांचं प्रशिक्षण, राहणं-जेवण फुकट. ऐकायला झकास. आमच्या भाच्याने अशाच एका केंद्रात तीन महिने काढले. पॅनल किती? एक! भोवती तीस पोरं. वायरीच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायची, क्रिम्पिंगची पक्कड कपाटात कुलूपबंद, का तर हरवेल! कनेक्टर पाहिला तो फळ्यावर, खडूने काढलेला. बायोमेट्रिक हजेरी मात्र चोख हं. आता ठेकेदार विचारतो, 'अनुभव?' अरे, तो त्या कपाटातच राहिला ना! सूर्यघर योजनेत 1 कोटी घरांवर सोलर बसवायचंय. बसवणार कोण, लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र? परवा केंद्रातून फोन आला. वाटलं, नोकरीचा असेल. तर म्हणे, पुढच्या बॅचला पोरं कमी पडतायत, कुणी आहे का ओळखीचं?