‘फोन आयपी-६८ आहे ना, मग कॅमेरा कशाला?’

डिसेंबरात तारकर्लीला जायचं ठरल्यापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच मेसेज तिसऱ्यांदा येऊन गेला. आधी मावसभावाने टाकला, मग काकांनी आणि परवा आत्याने, खाली हात जोडून. ‘समुद्रावर जाताय? वॉटरप्रूफ कॅमेऱ्यावर पैसे घालवू नका!!’ अशी सुरुवात आणि पुढे पाच मुद्दे. फोन आयपी-६८ (म्हणजे धूळ-पाणी अडवणारा अशी खूण असलेला) असेल तर दीड मीटर पाण्यात अर्धा तास सुरक्षित, स्नॉर्कलिंगला (मास्क आणि श्वासाची नळी लावून) आपण वरच तरंगतो, तेव्हा बिनधास्त न्या. खारं पाणी लागलं तर नळाखाली धुवा, आत गेलंच तर तांदळात ठेवा. फारच भीती वाटत असेल तर दोनशे रुपयांचं पाऊच घ्या. कॅमेऱ्यात जेमतेम १२ मेगापिक्सेल आणि फोनमध्ये ५० नाहीतर २००, म्हणजे फोटो फोनचाच भारी. आणि शेवटी, बरा वॉटरप्रूफ कॅमेरा पन्नास हजारांच्या खाली मिळतच नाही, स्वस्तातले सगळे कचरा.

ग्रुपवर वाद घालायची माझी हौस कधीच संपली आहे. पण माझं आजोळ देवबागचं, मामेभाऊ हंगामात पर्यटकांना होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगला नेतो, आणि या मेसेजमधला पहिला मुद्दा मी स्वतःच्या पैशाने तपासून पाहिलेला आहे.

दोन वर्षांपूर्वी मी फोन घेऊन पाण्यात उतरलो. वीस मिनिटं फोन उत्तम चालला, व्हिडिओसुद्धा झाले. मामीच्या नळाखाली धुतला, टॉवेलने पुसला, रात्री चार्जिंगला लावला. सकाळी ६ टक्के बॅटरी. चार्जर बदलला, वायर बदलली, काही नाही. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने सिमचा ट्रे ओढला, त्या फटीत टॉर्च मारला आणि मला वाकून बघायला सांगितलं. आत तांदळाच्या दाण्याएवढी एक पट्टी असते, कोरडी असली की पांढरी. माझी लालभडक झाली होती. “वॉरंटीत नाही बसत, सर,” म्हणाला.

मी भांडलो नाही, कारण घरी येऊन बारीक अक्षर वाचलं. आयपी ही आयईसी ६०५२९ या मानकातली खूण. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्याचा ७ म्हणजे १ मीटर खोल, ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कडक चाचणी, पण किती खोल आणि किती वेळ, हे ज्याने वस्तू बनवली त्याने सांगायचं. म्हणून एका कंपनीचा ६८ दीड मीटरचा असतो आणि आयफोन १२ पासून पुढचा ६८ सहा मीटरचा. ‘६८ म्हणजे दीड मीटर’ हे मेसेजमधलं समीकरण इथेच कोलमडतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही चाचणी नव्याकोऱ्या फोनवर होते, गोड्या आणि संथ पाण्यात. तुमच्या खिशातला फोन दोनदा फरशीवर आपटलेला असतो, नाक्यावरच्या दुकानात त्याची काच बदललेली असते. काच बदलताना कडेची गोंदपट्टी उचकटली, की त्या ६८ ला काही अर्थ उरत नाही. जलरोधकता कायमची नसते, झिजेने कमी होते आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत नाही, असं अ‍ॅपल स्वतःच लिहून ठेवतं. सॅमसंगच्या तळटिपेत तर समुद्रकिनाऱ्यावर किंवा स्विमिंग पूलमध्ये वापरू नका असं सरळ छापलेलं असतं. वर जाहिरात मात्र पाण्यातलीच!

या जाहिरातींवरून खटलेही झाले आहेत. ऑस्ट्रेलियात ग्राहक आयोगाने २०१९ मध्ये सॅमसंगला कोर्टात खेचलं. गॅलेक्सी फोन पूल आणि समुद्रात वापरता येतील असं भासवलं, हा आरोप. जून २०२२ मध्ये कंपनीला १.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. त्यात कंपनीने जे कबूल केलं ते वाचून मला माझी ती रात्र आठवली: फोन समुद्राच्या पाण्यात बुडवला आणि ओला असतानाच चार्जिंगला लावला, तर पोर्ट गंजून बंद पडण्याची खरीखुरी शक्यता आहे. इटलीतही २०२० मध्ये अशाच दाव्यांवरून अ‍ॅपलला १ कोटी युरोंचा दंड झाला होता.

आता ‘आपण वरच तरंगतो’. इथे दुसऱ्या बाजूचेही लोक थोडं फेकतात, ते आधी सांगतो. पाण्यात हात मारल्याने दाब प्रचंड वाढतो आणि फोन फुटतो, असं म्हणतात. सेकंदाला १ मीटर वेगाने हात फिरवला तर वाढणारा दाब फक्त ५ सेंटिमीटर पाण्याइतका असतो. त्याला घाबरायचं कारण नाही. होडीवरून उडी मारली की मात्र हिशोब बदलतो. हातातला फोन जितक्या उंचीवरून पाण्यात येतो, साधारण तितक्या खोलीचा दाब त्याला त्या क्षणी बसतो. म्हणजे सव्वा मीटरवरून उडी मारली, की तिथेच दीड मीटरची सीमा जवळजवळ गाठली. आणि वर तरंगायचं ठरवून गेलेला माणूस खाली रंगीत मासा दिसला की श्वास रोखून दोन-तीन मीटर खाली जातोच. मीही गेलो होतो. त्यातून फोन हातातून सुटला तर तो काही दीड मीटरवर थांबून तुमची वाट बघणार नाही, थेट तळाला जाईल. मामेभावाचं यावर एकच म्हणणं: “तुझो फोन हुशार आसा रे, पण खारा पाणी तेच्यापरास हुशार.”

खरंय ते. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. घरी एका बाटलीत चहाचे सहा चमचे मीठ ढवळून बघा, म्हणजे कल्पना येईल. पाणी उडून जातं, मीठ पोर्टमध्ये आणि स्पीकरच्या जाळीत तसंच राहतं, हवेतला दमटपणा धरून ठेवतं, आणि त्यातून वीज वाहिली की धातू खायला लागतं. नळाखाली धुणं चूक नाही, धुवायलाच हवं. पण धुतल्यावर निदान रात्रभर चार्जर लावायचा नाही, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. तांदळाचं तर सोडूनच द्या. तांदूळ मीठ ओढून घेत नाही, उलट बारीक कण पोर्टमध्ये जातात. तांदळात ठेवू नका असं अ‍ॅपलनेच आपल्या सूचनांमध्ये लिहिलं आहे.

पाऊचबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. होडीत, वाळूत, किल्ल्यावर जाताना उडणाऱ्या लाटांसाठी पाऊच मस्त. हवा राहिली तर तरंगतंही. पण पाण्याखाली गेल्यावर प्लास्टिक स्क्रीनला चिकटतं, आणि खारं पाणी वीजवाहक असल्याने स्क्रीनला सगळीकडूनच बोट लागल्यासारखं वाटतं. टचस्क्रीन वेड्यासारखी वागते: कॅमेरा आपोआप बंद होतो, कुणाला तरी फोन लागतो. आवाजाच्या बटणाने फोटो काढता येतो, तेवढाच मार्ग. तोंडावर मास्क, डोक्यावर ऊन, समोर काळी दिसणारी स्क्रीन आणि पाऊचच्या आत धुकं. वीसातला एखादा फोटो बरा येतो.

मेगापिक्सेलचा मुद्दा मात्र मला खरंच चुकीच्या जागी बोट ठेवणारा वाटतो, कारण पाण्याखाली फोटो बिघडवतं ते पाणीच. पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. पाच मीटरवर लाल जवळजवळ संपलेला असतो. आपण वर असलो तरी सुटका नाही, कारण प्रकाश आधी वरून माशापर्यंत जातो आणि मग माशापासून कॅमेऱ्यापर्यंत येतो, तो सगळा प्रवास पाण्यातूनच. दोन मीटर खोल मासा आणि तुम्ही त्याच्या दोन मीटर वर, म्हणजे झालं चार मीटर. त्यात मालवणचं पाणी अंदमानसारखं नाही. आपल्याकडे गाळ असतो, दोन-चार मीटरपलीकडचं धुरकट होतं. पावसाळ्यात तर जलक्रीडाच बंद असतात. सुरू झाल्यावरही पाणी निवळायला वेळ लागतो, थंडीचे महिने त्यातल्या त्यात बरे. अशा पाण्यात २०० मेगापिक्सेलने काढलं तर २०० मेगापिक्सेलचं धुकं मिळतं.

यावर उपाय एकच: मधलं पाणी कमी करा. झूम बंद, स्वतः जवळ जा. आणि जवळ जाऊनही मासा, प्रवाळ, शेजारी पोहणारी बायको असं सगळं चौकटीत मावायचं तर लेन्स रुंद हवी. सपाट काचेमागे, पाण्याच्या वक्रीभवनामुळे सगळं तिसऱ्या हिश्श्याने मोठं दिसतं, म्हणजे चौकट आणखी अरुंद होते. म्हणूनच छोटे अ‍ॅक्शन कॅमेरे इथे बाजी मारतात. लेन्स रुंद, हातमोजा घालूनही दाबता येईल असं एक बटण, रेकॉर्डिंग सुरू. फ्लॅश असेल तर बंदच ठेवा, समोरचा गाळ उजळून फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. ज्या ‘जेमतेम १२ मेगापिक्सेल’ची मेसेज टिंगल करतो, तेवढेच ओएम सिस्टीम कंपनीच्या टीजी-७ या वॉटरप्रूफ कॅमेऱ्यात आहेत, आणि पाण्याखालच्या बारीकसारीक जिवांचे फोटो काढणारे त्या मालिकेवर जीव टाकतात. १५ मीटरपर्यंत चालतो, १ सेंटिमीटरवरून फोकस होतो.

म्हणजे पन्नास हजारांचा मुद्दा बरोबर? टीजी-७ पुरता म्हणाल तर फार चूक नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत तो ५५० डॉलरच्या आसपास आला, इकडे येईपर्यंत खिसा चांगलाच हलका होतो. पण स्नॉर्कलिंगला एवढ्याची गरजच नाही. गोप्रो या अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांच्या कंपनीचे हिरो ५ पासूनचे मुख्य मॉडेल वरून कुठलाही जलरोधक डबा न लावता १० मीटर चालतात. २०२४ मध्ये आलेला नुसता ‘हिरो’ नावाचा ८६ ग्रॅमचा छोटा कॅमेरा ५ मीटर चालतो, आणि तो १९९ डॉलरला आला होता. त्याची बॅटरी काढता येत नाही, एवढी खोट लक्षात ठेवा. डीजेआयचा अ‍ॅक्शन ४ तर १८ मीटरचा आहे. नवं मॉडेल आलं की मागच्याची किंमत उतरते, आणि माशाला मॉडेल कळत नाही.

‘स्वस्तातले सगळे कचरा’ हेही सरसकट नाही, पण इथे डोळे उघडे ठेवावे लागतात. चार-पाच हजारांच्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांवर ‘३० मीटर वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं. तो आकडा कॅमेऱ्याचा नसतो, सोबतच्या पारदर्शक डब्याचा असतो. डबा नसेल तर कॅमेरा शिंतोड्यालाही टिकत नाही. ‘फोर-के’ही (म्हणजे जास्त बारकाव्यांचा व्हिडिओ) बरेचदा लहान चित्र फुगवून केलेलं असतं. पण व्हिडिओ घरच्याच टीव्हीवर बघायचा असेल आणि मुलांच्या हातात द्यायचा असेल, तर असा कॅमेरा मी खुशाल घेईन. फक्त डब्याची चाचणी आधी घरी घ्यायची.

डब्याचं सगळं भवितव्य दारातल्या एका रबरी रिंगवर असतं. त्यावर वाळूचा एक कण किंवा एक केस जरी आडवा पडला, तरी पाणी आत. म्हणून दार किनाऱ्यावर उघडायचंच नाही. बॅटरी, कार्ड सगळं सकाळी खोलीत भरायचं, आणि जमल्यास एसी चालू असताना डबा बंद करायचा. किनाऱ्यावरची दमट हवा आत कोंडली तर गार पाण्यात शिरताच काचेवर आतून वाफ धरते आणि अख्खा दिवस धुक्यात जातो. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची एक पुडी आत टाकली तर उत्तम. बाहेर आल्यावर बंद डबा गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचा, बटणं दाबून घ्यायची आणि सावलीत वाळवून मगच उघडायचा. सेकंडहँड कॅमेरा घेत असाल तर पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा नको, रबर किती वर्षांचं आहे हा हवा. आणि तरंगणारा पट्टा घ्याच, नारिंगी स्पंजचा. कॅमेरा पाणी सहन करतो म्हणून तरंगतो असं नाही.

एक गोष्ट मेसेजवाल्याला मान्य करतो. आयुष्यात एकदाच जाणार असाल तर कॅमेरा विकत घेऊच नका. मालवण-तारकर्लीला बहुतेक पॅकेजांत फोटो-व्हिडिओ धरलेलेच असतात, तिथल्या मुलांना माशांची जागा आपल्यापेक्षा नक्कीच जास्त माहीत असते. आधी विचारायचं, आपलं मेमरी कार्ड चालेल का ते बघायचं, आणि क्लिप फोनमध्ये आल्याशिवाय किनारा सोडायचा नाही. “संध्याकाळी पाठवतो” म्हणालेले व्हिडिओ अजून वाटेतच आहेत, असे दोन गट तरी मला माहीत आहेत.

आत्याला एवढं सगळं लिहिलं नाही. तिच्या नातवाने शेवटी साडेचार हजारांचा एक कॅमेरा मागवला. काल तो घेऊन ती आमच्याकडे आली, तेव्हा कॅमेरा बाजूला काढला, रिकाम्या डब्यात टिश्यू पेपरची घडी आणि वजनाला गोट्या घातल्या आणि डबा बाथरूममधल्या भरलेल्या बादलीच्या तळाला सोडला. सकाळी टिश्यू कोरडा होता. आत्याने तो बोटाने दोनदा चाचपला आणि म्हणाली, “एक रात्र आणखी राहू दे.”