रुईचा चीक डोळ्यात घालायचा नसतो हो!

शुक्रवारी संध्याकाळी आत्याबाईंचा फोन. "रविवारी रथसप्तमीला नातवाला पहाटेच लष्कर भागातल्या घरी घेऊन ये गं, रुई आणवून ठेवलीय, चष्मा जातो म्हणे." मुलगा नऊ वर्षांचा, चष्मा लागून वर्षही झालं नाहीये. त्या मायेनंच बोलत होत्या म्हणून त्यांच्यावर चिडले नाही, पण तो मेसेज ज्यानं लिहिलाय त्याच्यावर जाम चिडलेय. माझ्याकडेच तीन ग्रुपवरून आलाय. म्हणे रथसप्तमीला सूर्य पृथ्वीच्या सगळ्यात जवळ असतो, उगवला की पंधरा मिनिटं उघड्या डोळ्यांनी बघत राहा, अर्घ्याच्या धारेतून बघितलं तर किरण गाळले जातात, मग रुईच्या चिकाचा एकेक थेंब डोळ्यात, नंबर उतरतो. पुरावा काय, तर आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचं सूरजकुंड.

आधी चीक. पान तोडलं की देठातून जे पांढरं येतं ते विषारी आहे. २००९ मध्ये इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीत, रुईचा चीक डोळ्यात गेलेल्या २९ पेशंटची माहिती छापून आलीय. बहुतेकांना दुखलंच नाही, नुसतं अचानक धूसर दिसायला लागलं. मला याचीच भीती वाटते. मिरची गेली तर माणूस नळाकडे पळतो, इथं ठणका नाही म्हणजे औषध लागू पडतंय असं वाटणार आणि तिकडे कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या पेशी खराब होत राहणार. वेळेत उपचार मिळाले तर नजर बहुतेकदा परत येते, पण आपण औषधच घातलंय असं समजून बसलेला माणूस वेळेत जाईल कशाला?

आणि आपल्या चालीत हे आहे कुठं? सात पानं डोक्यावर-खांद्यावर ठेवून अंगावर पाणी घ्यायचं, एवढंच. आमच्या आजी पानं स्वतः धुऊन ठेवायच्या, पोरांना देठाला हात लावू द्यायच्या नाहीत, लागलाच तर लगेच साबणानं हात धुवायला पाठवायच्या. घरी कामाला येणाऱ्या मावशी मुरैनाकडच्या, रुईला अकौआ म्हणतात, त्यांना विचारलं तर त्या दचकल्याच.

सूर्याकडे टक लावून बघणं पण तेवढंच वाईट. रेटिनाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याला, दुखणं कळत नाही, काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग येतो, म्हणजे अक्षर वाचायचं नेमकं तिथंच, आणि काहींचा तो कायमचा राहतो, त्याला कुठला चष्मा नाही. लोट्याच्या धारेनं काही गाळलं जात नाही, पलीकडचा सूर्य लख्ख दिसतोय म्हणजे उजेड येतोयच की.

सगळ्यात जवळ वगैरे तर सरळ खोटं. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ ३-४ जानेवारीच्या आसपास येते. रथसप्तमी माघ शुद्ध सप्तमीला, २०२४ ला ती १६ फेब्रुवारीला होती, २०२५ ला ४ फेब्रुवारीला, २०२६ ला २५ जानेवारीला. सूर्य काय पंचांग बघून जवळ येतो?

सूरजकुंडाची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो, ग्वालिपा साधूनं दिलेल्या पाण्यानं राजा सूरजसेनाचा कुष्ठरोग बरा झाला. त्यात सूर्याकडे बघणं नाही की रुई नाही. उलट सांगायचंच तर मातृचेटाचा शिलालेख सांगा, सहाव्या शतकात, हूण राजा मिहिरकुलाच्या काळात, याच किल्ल्याच्या डोंगरावर सूर्याचं दगडी देऊळ बांधलं होतं. इतकी जुनी सूर्यपूजा आपल्या गावात, आणि तिच्या नावावर हे खपवायचं?

एक गोष्ट खरी, ती मान्य करते. मुलं दिवसाउजेडी बाहेर जास्त खेळली तर चष्मा लागण्याचं प्रमाण कमी होतं, असं अभ्यासांत दिसलंय. पण त्यासाठी उजेडात असावं लागतं, सूर्याकडे बघावं लागत नाही, आणि लागलेला नंबर त्यानं उतरत नाही. व्हिटॅमिन डी पण कातडीत तयार होतं, डोळ्यात नाही.

आत्याबाईंना हे सगळं सांगितलं. जरा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "बरं, दूध उतू घालायला तरी आण त्याला." आणणारच आहे, अंगणात गोवऱ्या पेटवायच्यात, बोळकं मांडायचंय, पाटावरचा सात घोड्यांचा रथ यंदा त्यानंच काढायचा असं ठरलंय.

आणि कुणी मेसेज वाचून चीक घातला असेलच तर डोळा चोळू नका, स्वच्छ पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि तसेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, दुखत नसलं तरी जा, आणि रुईचा चीक गेलाय हे त्यांना स्पष्ट सांगा.