अधिक-उणे सत्तेचाळीस हजार

मी अकाउंट्समध्ये आहे, पंचवीस वर्षं झाली. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि महिन्याच्या एक तारखेला त्याचा पगार घ्यायचा. साडेतीन रुपयांचा फरक राहिला तरी ट्रायल बॅलन्स टॅली झाल्याशिवाय मला घरी येऊन जेवण जात नाही. नवरा म्हणतो हा आजार आहे. असेल. पण ऑफिसात या आजाराला प्रमोशन मिळतं, घरी मात्र शिव्या मिळतात, आणि गेलं वर्षभर मी ज्या शिव्या खाल्ल्या त्या एका तळ्याच्या वयावरून. या प्रकरणात माझी स्वतःची पण एक घोडचूक आहे, ती आधीच कबूल करते, म्हणजे शेवटी कुणी "बघा, बघा" करायला नको.

माझं सासर मेहकरचं, बुलढाणा जिल्हा. मेहकरहून लोणार हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सासरच्या माणसांना लोणार सरोवर म्हणजे घरचंच, आजोबांनी खणून घेतल्यासारखं. मागच्या दिवाळीत आम्ही पुण्याहून गेलो तेव्हा चुलत सासरे, म्हणजे काका, आम्हाला घेऊन गेले. काठावर उभं राहिलं की खरंच गप्प व्हायला होतं. पावणेदोन-एक किलोमीटर रुंद गोल खड्डा, खाली हिरवट खारं पाणी, कडेनं झाडी. सगळे गप्प होते आणि मी टपरीवर घेतलेलं माहितीपत्रक वाचत होते. त्यात वय ५२ हजार वर्षं. वाटाड्या पोरगा म्हणाला पन्नास हजार, ठीक आहे, राउंड फिगर. मोबाईल उघडला तर एका ठिकाणी ५२ हजार, दुसऱ्या ठिकाणी ५ लाख ७० हजार.

आता तुम्हीच सांगा. एकाच खात्याचे दोन बॅलन्स, आणि फरक पाच लाखांचा. मी कशी गप्प बसू?

रात्री मेहकरला गच्चीवर बसून शोधलं. तर भानगड अशी की दोन्ही आकडे शास्त्रज्ञांनीच दिलेत. आधी उष्णतादीप्ती नावाच्या पद्धतीनं वय काढलं, ते आलं साधारण ५२ हजार. मग उल्का आदळल्यावर तिथला बेसॉल्ट वितळून जो काचेसारखा खडक झाला त्यातला आरगॉन वायू मोजला, त्याचा निष्कर्ष २०११ साली आला, ५ लाख ७० हजार, अधिक-उणे ४७ हजार. आरगॉनचं मोजमाप जास्त भरवशाचं धरतात. पण जुना आकडा तोवर सगळीकडे जाऊन बसला होता, पुस्तकांत, पत्रकांत, शाळेच्या सहलीच्या निबंधांत, आणि एकदा आत गेलेला आकडा बाहेर काढणं म्हणजे भाडेकरू काढण्यासारखं आहे.

सकाळी चहाला मी हे काकांना सांगितलं. काका पेपर खाली न घेता म्हणाले, "आम्हाले शाळेत बावन्न हजार शिकवलं सूनबाई. मास्तर काय खोटं बोलत होते काय?" तिथं मी थांबायला हवं होतं. पण पत्रकात पुढे "जगातील तिसऱ्या क्रमांकाचे विवर" असंही होतं, आणि माझी जीभ. मी म्हटलं, काका, जगातलं सोडा, भारतातपण हे पहिलं नाही, मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात ढाला म्हणून आहे ते अकरा किलोमीटरचं आहे, आणि दक्षिण आफ्रिकेतलं व्रेडेफोर्ट तर मुळात अडीचशे-तीनशे किलोमीटर होतं म्हणतात. बरं बेसॉल्टमधलं जगात एकमेव म्हणावं तर ब्राझीलमध्ये व्हिस्टा अलेग्रे आहे, तेही बेसॉल्टमधलंच आणि साडेनऊ किलोमीटरचं. आपलं लहान आहे पण किती नीट राहिलंय बघा ना, ढाला तर इतकं झिजलंय की...

"लहान?" काकांनी पेपर खाली घेतला.

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. सासरी येऊन त्यांचं विवर लहान म्हणणारी सून मेहकरात बहुतेक मीच पहिली.

पण एक सांगते, काकांनी पण मला एकदा बरोबर पकडलं. पत्रकात होतं की १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं लोणारचा शोध लावला. मी ते वाचलं आणि पुढे गेले, कारण १८२३ हा आकडा टॅली होत होता. काका म्हणाले, "शोध कशाचा लावला? दैत्यसूदनाचं देऊळ त्याच्या शेकडो वर्षं आधीचं हाय, आईन-ए-अकबरीत लोणारचं नाव हाय, मग ते लोक काय डोळे मिटून राहत होते तिथं?" मला उत्तरच सुचलं नाही. साल बरोबर आणि वाक्यच चूक, अशी एन्ट्री माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती.

पुण्याला आल्यावर विषय संपला असता, पण आमचा ओंकार सरळसेवेची तयारी करतोय. त्याच्याकडे तो जाडजूड ठोकळा आहे, उशाला घेतला तर मानेला रग लागेल असा, त्यात लोणारवर चार ओळी. वय ५२ हजार. आणि दख्खनचा बेसॉल्ट ६५ कोटी वर्षांपूर्वीचा! अहो ६५ मिलियन म्हणजे साडेसहा कोटी. मिलियनचं मराठी करताना आपल्याकडे शून्यांची जी कत्तल होते ना ती पेपरमध्येपण रोज बघते मी, आणि दर वेळी फिदीफिदी हसते. (हे हसणं लक्षात ठेवा.) मी पेन्सिल घेऊन बसले. रात्री अकरापर्यंत त्या एका प्रकरणात नऊ चुका मिळाल्या. एका पानावर महाराष्ट्रात ३६ जिल्हे, दुसऱ्यावर ३५, म्हणजे पालघरला २०१४ साली जन्म देऊन पुढच्या पानावर परत पोटात घेतलेलं. ओंकार म्हणाला, "आई, तू खोडू नको. परीक्षेत जे विचारतात ते लिहायचं असतं, खरं काय ते नाही." बावीस वर्षांचं पोर हे इतक्या शांतपणे बोललं की मला रडूच यायचं बाकी होतं.

ठोकळ्याच्या शेवटच्या पानावर छापलेलं असतं, "त्रुटी निदर्शनास आणून दिल्यास पुढील आवृत्तीत सुधारणा केली जाईल." हे वाक्य आजवर कुणी मनावर घेतलं नसावं. मी घेतलं. फोन लावला.

"मॅडम, किती कॉपी पाहिजेत?"

"कॉपी नकोत, चुका सांगायच्यात."

"डॅमेज पीस आहे का? बिल असेल तर बदलून देतो."

"पुस्तक फाटलेलं नाहीये, आतली माहिती चुकलीय."

तिकडे शांतता. मग म्हणाला, "मॅडम, माहिती कशी बदलून देणार?"

मी रीतसर पत्र पाठवलं, पान नंबर, ओळ नंबर, छापलेले, हवे, कारण, अशा पाच रकान्यांचा तक्ता करून. आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी ऐकलं! नवी आवृत्ती आली, मी दुकानात उभ्या उभ्या उघडली. भूगोलात लोणारचं वय ५ लाख ७० हजार झालेलं. मला भरून आलं. मग पर्यटनस्थळांचं पान उघडलं, तिथं ५२ हजार तसेच. आणि मागच्या सराव प्रश्नांत "लोणार सरोवराचे वय किती?" या प्रश्नाला दोन्ही आकडे पर्यायात, उत्तर म्हणून "यापैकी नाही". पूर्वी निदान पुस्तक स्वतःशी प्रामाणिक होतं. मी त्याला दुभंग केलं. वर ओंकारनं विचारलं, "मग मी आता काय टिक करू?" आणि साडेसहाशे रुपये गेले ते वेगळेच.

मग मी ऑनलाइन गेले. एक ज्ञानकोश आहे, नाव घेत नाही, कुणीपण बदल करू शकतं असं म्हणतात. करू शकतं, टिकू शकत नाही. मी खातं उघडलं, आकडा बदलला, वीस मिनिटांत परत ५२ हजार. कारण: "संदर्भ नाही". बरोबर आहे, व्हाउचरशिवाय एन्ट्री मीपण पास करत नाही. शोधनिबंधाचा संदर्भ जोडला. दुसऱ्या दिवशी परत ५२ हजार, संदर्भ म्हणून एका पेपरातली बातमी. ती बातमी उघडली. वाचताना सारखं वाटत होतं की हे कुठंतरी वाचलंय, आणि मग एक शब्द दिसला, "सरोवाराचे". व ला काना. हीच चूक ज्ञानकोशाच्या जुन्या मजकुरात होती, त्याच वाक्यात, त्याच जागी. म्हणजे बातमीवाल्यानं ज्ञानकोशातून उचललं आणि ज्ञानकोशानं त्याच बातमीचा दाखला घेतला! आमच्याकडे याला सर्क्युलर रेफरन्स म्हणतात, एक्सेल लगेच बोंब मारतं. इथं बोंब मारायला फक्त मी.

नवरा समजूत घालत म्हणाला, "अगं मोठमोठ्यांचं होतं असं." होतंच. १९३४ च्या वेबस्टरच्या डिक्शनरीत "डॉर्ड" असा शब्द छापला, अर्थ घनता. मुळात कुणीतरी चिठ्ठीवर लिहिलं होतं "डी ऑर डी", म्हणजे घनतेसाठी डी हे अक्षर मोठं किंवा छोटं वापरतात, ती चिठ्ठी शब्दांच्या ढिगात गेली आणि सगळं एकत्र वाचून नवा शब्दच जन्माला आला. पाच वर्षं कुणाच्या लक्षात नाही, लक्षात आलं तेव्हा सुद्धा छापील पानातून जायला आणखी काही वर्षं लागली. आणि २००५ मध्ये नेचर मासिकानं विकिपीडिया आणि ब्रिटानिका दोन्हींचे ४२ विज्ञानलेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले, विकिपीडियात १६२ चुका, ब्रिटानिकात १२३. ब्रिटानिकावाले चिडले आणि म्हणाले तुमची तपासणीच चुकीची आहे. हे वाचून मला काकांची आठवण आली.

तर आता माझी घोडचूक. त्या रात्री एक वाजता, ऑफिसात इयर एंडिंग चालू, डोळे चुरचुरतायत, आणि मी तिसऱ्यांदा दुरुस्ती करत होते. इंग्लिश निबंधाच्या एका सारांशात वय दिलेलं ०.५७ मिलियन. मी मनात म्हटलं मिलियन म्हणजे दहा लाख, पॉइंट पाच सात, आणि टाइप केलं "५७ लाख". सेव्ह. संदर्भ जोडला. झोपले.

आणि हे कुणीच परतवलं नाही! पंधरा दिवस माझा बदल तसाच. मी रोज उघडून अभिमानानं फक्त बदलांची यादी बघायची, आकडा कोण बघतंय, माझाच होता ना.

सोळाव्या दिवशी काकांचा मेसेज फॅमिली ग्रुपवर. वर सरोवराचा गुलाबी फोटो, २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं त्या वेळचा. (तेव्हा ग्रुपवर प्रलयापासून चीनपर्यंत सगळी कारणं येऊन गेली, पुण्याच्या आघारकर संस्थेनं शेवटी सांगितलं की खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव आहेत.) खाली मजकूर: "आपल्या लोणारचे वय ५७ लाख वर्षे!! बुलढाणेकर असाल तर पुढे पाठवा." वाक्यरचना ओळखीची होती. म्हणजे माझीच होती.

मी फोन केला. "काका, ते चुकलंय, पाच लाख सत्तर हजार."

"तूच म्हणत होती ना बावन्न हजार कमी हाय म्हणून?"

"हो, पण सत्तावन्न लाख जास्त आहेत."

"आता काहून कमी करून राहिली?"

पाच लाख सत्तर हजार ज्या माणसानं दिवाळीत चहाबरोबर थुंकून टाकले होते, त्यानं सत्तावन्न लाख एका घोटात गिळले होते, आणि त्यातून एक पैसा परत द्यायची त्यांची तयारी नव्हती. ज्ञानकोशात मी स्वतःची चूक स्वतः दुरुस्त केली. अर्ध्या तासात परतवली गेली. आधीच्या, म्हणजे माझ्याच, बदलाला संदर्भ होता आणि या वेळी घाईत मी जोडायला विसरले. मला उपद्व्यापी ठरवून समज पण दिली. शेवटी चर्चापानावर हात जोडून पाच दिवसांनी आकडा बसला, टचवुड, काल रात्रीपर्यंत होता.

गणपतीच्या आधी काकांचा परत फोन. गल्लीतल्या मंडळाचा देखावा लोणारचा, थर्माकोल बंद म्हणून मातीचं विवर केलंय, पाणी खरं भरणार, आणि पेंटर पाटी लिहायला बसलाय. "सूनबाई, नक्की किती लिहू ते सांग. एकदाच सांग."

"पाच लाख सत्तर हजार. अधिक-उणे सत्तेचाळीस हजार."

"अधिक-उणे म्हंजे?"

"म्हणजे तेवढं इकडे तिकडे होऊ शकतं."

"सत्तेचाळीस हजार वर्षं इकडे तिकडे?" काका थांबले. मागे पेंटर काहीतरी विचारत होता. "मंग तुले बी नक्की माहीत नाही. वर्षभर भांडली तू आमच्याशी!"

मी समजवायला गेले की मोजमापात तशी मुभा असतेच, आकडा जेवढा प्रामाणिक तेवढी ती सांगावी लागते वगैरे, पण माझ्याच कानाला ते ऑडिटरसमोर सस्पेन्स अकाउंटचं, म्हणजे कुठंच न बसणाऱ्या रकमा टाकायच्या खात्याचं, स्पष्टीकरण दिल्यासारखं वाटायला लागलं. काकांनी फोन ठेवला.

संध्याकाळी पाटीचा फोटो आला. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं: "ऊल्कापाताने बनलेले आपले लोणार सरोवर. वय – लय जुने."

मी झूम करून दोनदा वाचलं. 'ऊल्कापात' मधला उ ऱ्हस्व हवा. अजून तरी मी काही बोललेले नाही, विसर्जनाला अजून आठ दिवस आहेत.