झाकण तेच आहे हो!

मेकॅनिकल इंजिनियर म्हटलं की लोकांना वाटतं हा काहीतरी बनवत असेल. मेडिकल डिव्हाइसवाल्यांनी हा गैरसमज तसाच राहू द्यावा. कारण आमचं अर्धं काम म्हणजे काहीही बदललेलं नाही हे सिद्ध करणं!

आता हेच बघा, आमचं प्लास्टिकचं झाकण बनवणाऱ्या सप्लायरने मोल्डिंग मशीन एका शेडमधून शेजारच्या शेडमध्ये हलवलं. मशीन तेच, मोल्ड तोच, प्लास्टिकचा दाणा तोच, ऑपरेटरसुद्धा तोच. मी मापं घेऊन दाखवली, सगळी टॉलरन्समध्ये, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत. क्वालिटीच्या मॅडम म्हणाल्या, "पार्ट चांगला आहे हो, पण प्रोसेस चांगली आहे हे कुठे लिहिलंय? चेंज कंट्रोल उघडा." म्हणजे बदलाची रीतसर नोंद आणि तपासणी सुरू करा.

झालं, व्हॅलिडेशन (प्रोसेस दर वेळी चांगलाच माल देते हे सिद्ध करणं) पहिल्यापासून. आयक्यू म्हणजे मशीन नीट बसवलंय का, वीज, हवा, पाणी धड मिळतंय का. ओक्यूमध्ये तापमान, प्रेशर मुद्दाम वरच्या आणि खालच्या टोकाला नेऊन बघायचं की तरीही झाकण नीट येतंय का (हा भाग मला मनापासून आवडतो, तिथे निदान मशीनजवळ उभं राहायला मिळतं). मग पीक्यू, म्हणजे रोजच्या सेटिंगवर लॉटमागून लॉट काढा आणि प्रत्येक वेळी तेच झाकण येतं हे कागदावर दाखवा.

आणि कागद म्हणजे काय प्रकरण असतं! खाडाखोड चालत नाही, व्हाइटनरचं तर नावच काढू नका. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. आमच्या ऑपरेटरने तारीख चुकवली, रेघ मारून दुरुस्त केली आणि त्या दुरुस्तीखालची तारीख पण चुकवली, मग तिच्यावर रेघ, परत सही, परत तारीख, शेवटी त्या रकान्याचा पार सातबारा झाला.

बरं, नव्या शेडमध्ये चिलरची (पाणी थंड करणाऱ्या यंत्राची) पाइप लांब पडली होती, मोल्डला पाणी जरा कोमट पोचत होतं आणि झाकणाचं श्रिंकेज, म्हणजे थंड होताना आकसणं, किंचित सरकलं होतं. टॉलरन्समध्येच होतं, पण सरकलं होतं. मॅडम काही बोलल्या नाहीत, ग्राफच्या त्या ठिपक्यावर पेन ठेवून माझ्याकडे नुसतं बघितलं.

आता ही सगळी फाइल आयएसओ १३४८५ या मेडिकल डिव्हाइसच्या क्वालिटी स्टँडर्डप्रमाणे डिव्हाइसच्या आयुष्याइतकी जपायची, आणि काही झालं तरी माल बाहेर पडल्यापासून २ वर्षांच्या आत हलवायची नाही. झाकण डिस्पोजेबल आहे, पेशंटचं काम झालं की लगेच कचऱ्यात.