एक पाय निपाणीला, एक धारवाडला

आत्याच्या खुडूक कोंबडीनं २१ दिवस बसून नऊ पिल्लं काढली आणि दुसऱ्याच दिवशी तिला मुंगसानं नेलं. आत्या खानापूरकडची, घराला रान लागून. म्हणाली, "तुम्ही घेऊन जावा." तुम्ही म्हणजे मी, कारण दिवाळीत 'घरचं अंडं ते घरचं अंडं' हे भाषण मीच ठोकलं होतं.

तर बेळगावात, अनगोळच्या आमच्या घरात टीव्हीचं खोकं, खाली पेपर, वर ६० वॅटचा बल्ब. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ३५ डिग्री ऊब लागते, पण ती मोजायला थर्मामीटर लागत नाही. बल्बखाली ढीग करून बसली की बल्ब खाली घ्यायचा, कोपऱ्यात पळून चोची वासून धापा टाकू लागली की वर. रात्रभर मी बल्ब वरखाली करत होतो. मधे करंट गेला तेव्हा बायकोनं गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून आत ठेवली. माझ्या पाठदुखीला ती बाटली कधी मिळाली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ पिल्लं उभी होती आणि नववं पोहत होतं. पोटावर आडवं, एक पाय निपाणीकडं, एक धारवाडकडं. सीमाभागात जन्मलं म्हणून एखाद्यानं इतकं मनावर घ्यावं?

शेजारच्या अज्जी डोकावल्या. "अय्यो, कोळी मरी!" कानडीत मरी म्हणजे पिल्लू. पण सुट्टीला पुण्याहून आलेल्या भाच्याला हे कोण सांगणार? "मरी? मरणार?" म्हणून त्यानं जो गळा काढला, तो समोरच्या किराणा दुकानापर्यंत गेला. दुकानदार वजनकाटा सोडून आला. मग निदानं सुरू झाली. बायकोचं मत कॅल्शियम कमी. दुकानदाराचं मत तिळाच्या तेलानं चोळा. मेव्हणा गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे, त्यानं फोनवर एवढंच विचारलं, "घोटा सुजलाय का? मागची शीर बाजूला सरकलीय का? तसं असलं तर घरी खेळ करू नका, डॉक्टरला दाखवा." तसं नव्हतं. पाय नुसतेच फाकले होते.

शेवटी आत्याला फोन लावला. तिनं पिल्लाची चौकशीच केली नाही.

"खाली काय घातलायस?"

"पेपर."

पलीकडं बराच वेळ नुसत्या कोंबड्यांचे आवाज.

"गुळगुळीत पेपर, वर पाणी सांडलेलं. त्यानं बोटं कशात रोवायची? तू चाल बघू तेल सांडलेल्या फरशीवर! पोतं घाल, पोतं. आणि पाय बांध आजच."

आजच याला अर्थ होता. आमचा सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो थांबू शकतो. पिल्लाची हाडं थांबत नाहीत. पहिल्या दोन-चार दिवसांत पाय जुळवले तर जुळतात, नाहीतर फाकलेलेच घट्ट होतात.

जखमेवरची चिकटपट्टी उभी चिरून अर्धी केली. मधला कापसाचा भाग दोन पायांच्या मध्ये, टोकं घोट्याखाली एकेका पायाला सैलसर. अंतर जेमतेम इंचभर, पिल्लू नीट उभं राहील इतकं. काडेपेटीतल्या काडीएवढा तो पाय, त्यात ठोके लागतात बोटाला. पहिली पट्टी माझ्या अंगठ्याला बसली. दुसरी बसली पिल्लाच्या लवेला. काढताना त्यानं जे ओरडलं ते अज्जींनी घरात बसून ऐकलं. तिसऱ्यांदा बायकोनं बांधली, मला बाजूला सारून.

बांधल्यावर ते तोंडावर पडलं. मग बाकी आठांना शोध लागला, की ह्याच्या पायात पांढरी अळी आहे. टोच, टोच. म्हणून त्याला वेगळं काढलं, तर एकटेपणानं ते असं किंचाळलं, की त्यातल्या त्यात गरीब एक भावंड सोबतीला द्यावं लागलं. मधूनमधून अर्धा तास फडकं घातलेल्या चहाच्या पेल्यात उभं करायचं, म्हणजे पाय आपोआप पोटाखाली. चार दिवस आमच्या घरी चहा वाटीतून.

चौथ्या दिवशी पट्टी कोमट पाण्यानं भिजवून सोडवली. पिल्लू उभं राहिलं, दोन पावलं टाकली, आणि आठांत मिसळलं. मिसळलं म्हणजे गेलंच. कुठलं ते, कुणालाच ओळखेना. भाचा येईल त्याला 'पेशंट' दाखवायचा, दर वेळी वेगळाच.

रविवारी आत्या आली. मीही ठामपणे एक उचलून तिच्या तळव्यावर ठेवलं. "हे बघ. सरळ झाले की नाही पाय?"

तिनं चष्मा वर केला, पिल्लू उलटं केलं.

"पाय सरळ हाईत. बोटं का मुडपल्यात ह्याची?"

मेव्हण्याला फोन. व्हिटॅमिन बी-२ कमी पडलं असेल, म्हणाला. पाण्यातून बी कॉम्प्लेक्स द्या आणि पुठ्ठ्याचा बूट करून बोटं सरळ चिकटवा.

बायको काही न बोलता चपलांचं खोकं आणि कात्री घेऊन आली. अज्जी दारात उभ्याच होत्या. भाच्यानं विचारलं, "कुठल्या नंबरचा?"