जुना कुकर आणि गेटपास

आज सकाळी गेटवर आमच्या मावशींना अडवलं. का, तर पिशवीत कुकर. माझाच जुना, मीच दिलेला. हँडल सैल, शिट्टी मनात आलं तर होते. वॉचमनला चिठ्ठी हवी होती: फ्लॅट नंबर, वस्तू, मालकाची सही. मी गाऊनवरच खाली धावले, तोवर मावशींनी पिशवी रिकामी करून दाखवली होती. कुकर, डबा, नातवाची औषधाची बाटली, सगळं फरशीवर. वर मलाच म्हणतात, “राहू द्या ताई, त्याची बी नोकरीच हाय.”

याच मावशींकडे आमच्या घराची किल्ली असते. माझ्या आईला त्या अंघोळ घालतात, तेव्हा कपाट सताड उघडं असतं. वर चौथ्या मजल्यावर घरच्या, आणि खाली उतरल्या की संशयित! (उतरायचं तेही सर्व्हिस लिफ्टने. असो.)

ग्रुपवर लिहिलं, तर म्हणे ‘नियम म्हणजे नियम’. बी विंगमध्ये चोरी झाली होती, मान्य. पण मग मेंबरांच्या गाड्यांच्या डिक्क्या का नाही उघडत?

आपण डोळे मिटून विश्वास टाकतो तो कडक इस्त्रीवर. पीएमसी बँक आठवा. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि स्वतःच्याच खात्यातून सुरुवातीला 1000 रुपये काढायची मुभा, तीही सहा महिन्यांसाठी! बँकेची बुडीत कर्जं दडवली कोणी, कुकर नेणारीनं? आणि पंजाब नॅशनल बँक घोटाळ्यातला हिरे व्यापारी नीरव मोदी 2018 च्या जानेवारीत देश सोडून गेला, तेव्हा त्याची पिशवी कोणी उलटी केली?

मावशींची वस्तीत भिशी आहे. कागद नाही, सही नाही. मी विचारलं, कोणी बुडवली तर? “जाईल कुठं? पाणी एकाच नळावर भरायचं हाय.” भिश्याही बुडतात, माहितीये मला. पण त्या बायका रोज एकमेकींच्या समोर असतात हो. आमचा आणि मावशींचा ना नळ एक, ना शाळा, ना दवाखाना. भेट होते ती स्वयंपाकघरात, पगार देणारी आणि घेणारी म्हणून. ओळखच नाही, तर भरवसा कुठून येणार?

वॉचमनवर सकाळी फार ओरडले मी. बारा तास उभा असतो बिचारा, आणि घरी जाताना त्याचीही बॅग सुपरवायझर बघतोच.

रविवारी जनरल बॉडी आहे. ठराव मांडतेय: बाहेर जाणारी प्रत्येक डिक्की तपासायची, चेअरमनसाहेबांपासून सुरुवात. सूचक मी. अनुमोदक कोण होतंय, कमेंटमध्ये सांगा.